विजेची वेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 1983 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



"तुझी नोकरी विजेच्या कंट्रोल रूममध्ये गेली, तेव्हा विजेवर दोन शब्द बोल," असं संयोजकांनी फोनवर सांगितलं. दोन शब्दांत आटोपेल असं नाही, पण तुमचं जेवण थंड होऊ देणार नाही.

आज सकाळी गावाकडे येताना पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्या. आपण शाळेत होतो तेव्हा वनकुसवड्याच्या पठारावर गुरं आणि वारा एवढंच होतं. पवनचक्क्या आल्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. कोयना मात्र आपल्या जन्माआधीची. 1962 पासून ती वीज देते आहे. त्यामुळे वाऱ्याची नि पाण्याची वीज म्हणजे काय, हे पाटण तालुक्यातल्या माणसाला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. तिची किंमतही आपल्याला ठाऊक आहे. ज्यांची गावं धरणात गेली, त्या घरांतली मुलं आपल्याच बाकांवर बसायची आणि घरी जाऊन रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करायची.

आता थोडा हिशेब. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, चुकलो तर थांबवा. 2014 साली आपल्या देशात सौर वीजनिर्मितीची क्षमता तीन हजार मेगावॅटहूनही कमी होती. जानेवारी 2025 मध्ये तिनं एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. 2025 च्या मध्यावर देशाच्या एकूण वीजक्षमतेत कोळसा, गॅस नि डिझेल सोडून बाकीच्यांचा, म्हणजे सूर्य, वारा, पाणी, जैवइंधन आणि अणू यांचा वाटा निम्म्यावर गेला. तो 2030 पर्यंत गाठायचा होता, पाच वर्षं आधीच गाठला.

ही बातमी खरी आहे. पण 2024-25 या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेली वीज पाहिली, तर दर चार युनिटांतली साधारण तीन युनिटं कोळशाचीच होती. निम्मी क्षमता बिगरकोळशाची आणि तीन चतुर्थांश वीज कोळशाची, हे कसं? वर्गातल्या पटासारखं आहे बघा. पटावर नाव असणं वेगळं आणि रोज हजर असणं वेगळं. सूर्य संध्याकाळी घरी जातो, वारा मनात आलं तर येतो. कोळशाचा संच रात्रंदिवस हजर असतो.

पण माझा मुद्दा यापुढचा आहे. वीज किती, यापेक्षा ती कधी येते, यावर माणसांचं आयुष्य ठरतं.

आज आपल्यात एक मित्र नाही. कबड्डीत त्याची पकड कुणाला सुटली नाही. नाव घेत नाही, वहिनी आणि मुलगा इथे आले आहेत. तो पंधरा वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला मोटार चालू करायला गेला. बांधावर पान लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

त्या आठवड्यात मी रात्रपाळीला होतो. शेतीला काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज, हे वेळापत्रक आमच्या टेबलावरून जायचं. त्यामागे कारण होतं. रात्री शहरं झोपतात, मागणी उतरते. कोळशाचे मोठे संच रोज रात्री बंद करून सकाळी पेटवता येत नाहीत. मग तयार होणारी वीज खपवायची कुठे? शेतीपंपांना द्यायची. कागदावर ते फार सोयीचं दिसायचं. त्या कागदावरच्या आकड्यात कंदील घेऊन निघालेला माणूस असतो, हे मला त्याच्या दहाव्याला बसलो तेव्हा कळलं.

सौर विजेनं हे गणित उलटं केलं आहे. आता जास्तीची वीज रात्री नाही, भर दुपारी असते. मग शेतीचा भार दुपारी घेणं यंत्रणेच्याही सोयीचं झालं. महाराष्ट्रात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या भागातल्या शेतीला दिवसा वीज द्यायची, अशी तिची कल्पना. सगळीकडे पोचलेली नाही. जिथे पोचली, तिथे माणूस उजेडात पाणी देतो. माझ्या लेखी या एक लाख मेगावॅटचा अर्थ एवढाच आहे.

राहिली संध्याकाळ. सूर्य मावळायला आणि घराघरांत दिवे लागायला एकच गाठ पडते. तेव्हा आपली कोयना धावून येते. एकूण 1,960 मेगावॅटचा प्रकल्प, आणि संच काही मिनिटांत चालू होतात. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटनी खाली आली आणि लगेच वर चढली. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी तो झोका सांभाळला. त्या नऊ मिनिटांत आम्ही खुर्चीला पाठ टेकली नव्हती. पण कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी लवादानं मोजून दिलेलं आहे, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. म्हणून दुपारची वीज संध्याकाळसाठी राखायला बॅटऱ्या हव्यात. नाहीतर घाटघरसारखे प्रकल्प हवेत, जे जास्तीच्या विजेनं पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. पुढची दहा वर्षं काम हेच आहे. आणि त्यासाठी जमिनी लागतील तेव्हा, धरणाच्या वेळी झालं तसं, देणारा अंधारात राहता कामा नये.

आता शेवटचं. आपल्या तुकडीनं जमवलेल्या निधीतून शाळेला प्रवेशकमान बांधायचं ठरत होतं. मी सुचवतो की तो पैसा छतावरच्या सौर पॅनेलला द्यावा. शाळा दिवसा भरते, सूर्यही दिवसाच असतो. याहून चांगली जोडी नाही. पाच किलोवॅटला साधारण पाचशे चौरस फूट छत लागतं आणि चांगल्या उन्हात दिवसाला वीसेक युनिटं मिळतात. संगणक कक्ष नि पंखे त्यावर चालतील. सुट्टीत उरलेली वीज नेट मीटरमधून लाइनवर जाईल आणि बिलातून वजा होईल. फक्त पॅनेल पुसायला माणूस लागतो. धूळ बसली की वीज घटते, तेव्हा देखभालीचे पैसे वेगळे काढा.

आणि त्यावर पाटी लावायचीच असेल, तर आपल्या त्या मित्राच्या नावाची लावू. वहिनींना विचारलं आहे, त्यांनी होकार दिला आहे.

हा ठराव मी मांडतो. कुणीतरी अनुमोदन द्या, आणि जेवायला चला.