छायाचित्र आणि इजाजत
(संस्थेच्या वार्षिक समारंभात रिसोड येथे केलेले भाषण)



दुसऱ्याच्या घरात जाण्यापूर्वी सलाम करावा व इजाजत घ्यावी, ही शिकवण आपल्या मुलांना लहानपणीच मिळते. परंतु हाती मोबाईल आला की तीच मुले, आणि आपण मोठी माणसेही, दुसऱ्याचे छायाचित्र न विचारता उचलतो. विचारले तर ‘इंटरनेटवर होते, घेतले’ असे सांगतो. रस्त्यावर उभी असलेली सायकल रस्त्यावर आहे म्हणून आपली होत नाही, हे मात्र आपणांस पटते.

आपल्या देशात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. छायाचित्र काढताच त्यावर हक्क निर्माण होतो; त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. सामान्यतः तो छायाचित्रकाराचा असतो. परंतु आपण पैसे देऊन लग्नाचे फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर तो हक्क आपला होतो. ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद व 2 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापर करण्यास मात्र कायद्याने मुभा दिली आहे.

दुसरा प्रश्न छायाचित्रात दिसणाऱ्या माणसाचा. आपल्या महाराष्ट्रातील एका महिलेचे छायाचित्र एका छायाचित्रकाराने तिच्या संमतीशिवाय शटरस्टॉक या चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावर टाकले, आणि पुढे ते महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या व एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत छापले गेले, अशी तक्रार घेऊन ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने प्रकरण गंभीर मानून संबंधितांकडून उत्तर मागविले. बंधूंनो, आपला चेहरा कोठल्या भिंतीवर लागला आहे हे त्या बाईला कोणी विचारलेही नव्हते! खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017 सालीच दिला आहे.

म्हणजे एका छायाचित्रापाठीमागे दोन माणसे उभी असतात; एक ते काढणारा आणि दुसरा त्यात दिसणारा. दोघांनाही विचारले पाहिजे.

आज स्नेहसंमेलनात आपल्या मुली बक्षिसे घेतील. त्यांचे फोटो पालकांच्या संमतीवाचून कोणीही पुढे पाठवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शाळेच्या स्मरणिकेतही इंटरनेटवरून उतरविलेले चित्र छापण्याऐवजी आपल्याच विद्यार्थ्याने काढलेले चित्र त्याच्या नावासह छापावे. त्याचा हुरूप वाढेल. आणि आपले छायाचित्र कोणी परस्पर वापरल्यास घाबरून गप्प बसू नका. त्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवा, संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, आणि विटंबना झाली असेल तर पोलिसांकडे जा. विशेषतः मुलींना मी सांगेन की, यात दोष तुमचा नाही. घरी आईवडिलांना निःसंकोच सांगा. आणि पालकहो, ती सांगू लागली तर तिला रागावू नका. आधी तिचे ऐका.

दुसऱ्याचे छायाचित्र ही आपल्या हाती आलेली अमानत आहे. ती सांभाळण्याची सवय आपल्या शाळेतून लागावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद!