सायकलस्वारांनो, आता पाण्याशी मैत्री करा!

(गणेशोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



रविवारी पहाटे राजाजीनगरातून सायकल काढायची, नंदी हिल्सचा घाट चढायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी हजर व्हायचे, असे वीर आपल्यात बरेच आहेत. अशा माणसाच्या पायांत ताकद असते, दमसास असतो. थोडे धावणेही जमू लागते. मग ट्रायथलॉनचे वेध लागतात आणि गाडी अडते ती पोहण्यापाशी! आजचे चार शब्द खास त्यांच्यासाठी.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, सगळे सलग. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तिथले अंतर म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. नवशिक्यांसाठी याच्या निम्म्या अंतराची ‘स्प्रिंट’ असते. तिच्यात पोहणे फक्त ७५० मीटर. पहिली शर्यत हीच करावी. पण आपल्या बहुतेकांच्या मनात असते ती गोव्याची ‘आयर्नमॅन ७०.३’. ती २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. या प्रकारच्या शर्यतीत पोहण्याला साधारणपणे १ तास १० मिनिटांची मुदत असते. मुदत चुकली की तुमची सायकल स्टँडवरच राहते, मग तुम्ही रस्त्यावरचे कितीही मोठे वाघ असा!

थोडा हिशेब मांडू. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे ४० सेकंद. समुद्रात लाटा असतात, रेषाही सरळ राहत नाही. म्हणून तलावात हा वेळ ३ मिनिटांच्या आत असलेला बरा. ३ मिनिटांच्या गतीने ५७ मिनिटे लागतात. तीच गती अडीच मिनिटांवर आली, तर साडेसत्तेचाळीस. म्हणजे साडेनऊ मिनिटे वाचली! एवढीच मिनिटे सायकलवर वाचवायची, तर ताशी ३० चा वेग पावणेबत्तीसच्या आसपास न्यावा लागेल आणि सपाट रस्त्यावरही त्याला सुमारे सहावा हिस्सा जोर जास्त लागेल. मुरलेल्या सायकलस्वाराला ही वाढ सहजासहजी मिळत नाही. पाण्यात मात्र ती ताकद न वाढवता मिळू शकते.

ती कशी? समोरून वारा आला की तुम्ही काय करता? हँडलवर वाकता, अंग लहान करता. पाणी तर हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट! तिथे जोर लावण्यापेक्षा अडथळा कमी करणे शंभर पटींनी शहाणपणाचे. जे तत्त्व तुम्ही रस्त्यावर वर्षानुवर्षे पाळत आलात, तेच पाण्यात न्यायचे आहे.

आपल्यापैकी अनेकजण गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. तेव्हा मुंडी वर ठेवूनच पोहायची सवय लागली. बुडू नये एवढ्यापुरते ते ठीक होते. पण फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पाय जड असतात. डोके वर काढले की पाय आणखी खाली जातात आणि शरीर नांगरासारखे पाणी ओढत राहते. सायकलने कमावलेल्या मांड्या तर जडच! थंड देशांत रबरी वेटसूट घालतात, तो पाय वर तरंगवतो. आपला समुद्र उबदार, त्यामुळे तो आधार आपल्याला मिळत नाही. तोल आपणच शिकला पाहिजे. नजर तळाकडे, मान सैल, कंबर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ. भिंतीला पाय मारून बाणासारखे सरकत जाण्याचा सराव रोज पाच मिनिटे करा.

दुसरी गोष्ट श्वासाची. चढावर न दमणारा माणूस २५ मीटरमध्ये धापा टाकतो, कारण तो पाण्यात श्वास कोंडून धरतो. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत श्वास पूर्ण बाहेर टाका. मग मान उचलायची नाही, अंगाबरोबर कुशीवर वळून घोटभर हवा घ्यायची.

तिसरी गोष्ट पायांची. पेडल मारून घोटे ताठ झालेले असतात. अशा पायांनी जोरात लाथा मारल्या तर दम जातो, अंतर कापले जात नाही. पाय हलकेच हलवा. त्यांना पुढे ९० किलोमीटर काम आहे. घोटे आणि खांदे मोकळे करण्याचे व्यायाम घरी टीव्हीसमोर बसूनही होतात.

सराव कसा करावा? रविवारी एकदाच लांब मजल मारण्याची सायकलची सवय इथे उपयोगाची नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण पाऊण तास बरा. २५ मीटरला हात किती मारता ते मोजा. अट्ठावीसचे चोवीस झाले आणि वेळ वाढला नाही, तर प्रगती आहे. आधी ५० मीटरचे आठ तुकडे, मध्ये विश्रांती; तोल टिकला तरच पुढे सलग ४०० मीटर. दमून वेडेवाकडे पोहत राहिलात तर वेडेवाकडेच अंगवळणी पडेल.

मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर अशा अनेक केल्या. पण दोघेही मुळात पोहणारे. ते पाण्यातून रस्त्यावर आले, आपण रस्त्यावरून पाण्यात चाललो आहोत. त्यांच्या वेळेशी तुलना करून खचू नका. मात्र शिक्षक जरूर लावा, कारण पाण्यात आपले आपल्याला दिसत नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे, २०१० च्या आशियाई स्पर्धेतला पदकविजेता, आपल्या बेंगळुरूत निहार अमीन यांच्याकडे शिकायला आला होता. त्याला काठावरच्या नजरेची गरज होती, तर आपली काय कथा!

शेवटी समुद्राविषयी. तिथे तळाची रेष नसते, धरायला भिंत नसते. शर्यतीआधी निदान दोन-तीनदा समुद्रात पोहा. पण एकट्याने कधीही नाही, जीवरक्षक असेल तिथेच आणि पावसाळ्यात मुळीच नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून पुढची खूण बघायची सवय करा. गोव्यासारख्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला मनाई असते, पाण्यात मात्र पुढच्याच्या पायांमागे राहायला मुभा आहे. तिचा फायदा घ्या. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. घाबरलात तर उताणे व्हा, तरंगा, हात वर करा. शर्यत सोडण्यात कमीपणा नाही. घरी आपली वाट पाहणारी माणसे आहेत.

पुढच्या उत्सवात आपल्यातल्या कुणीतरी या व्यासपीठावरून आपल्या पहिल्या ट्रायथलॉनची हकीकत सांगावी, एवढीच इच्छा.