मधुमेहाची गोळी आणि गर्भाशयाचा कर्करोग
(महिला मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांतील बहुतेकांना प्रथम दिली जाते ती मेटफॉर्मिनची गोळी. गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीच्या अभ्यासातून तिचा मार्ग सापडला आणि १९५७ साली फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी तिचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. हीच स्वस्त गोळी गर्भाशयाच्या कर्करोगातही आयुष्य वाढविते काय, हा आजचा विषय आहे.

शंकेला आधार होता. मधुमेही स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. पाळी थांबल्यावर शरीरातील चरबी इस्ट्रोजेन तयार करीत राहते, रक्तातील वाढलेले इन्सुलिन त्यास साथ देते आणि अस्तर वाढत जाते. सडपातळ भगिनींनीही निश्चिंत राहू नये. बारीक अंगकाठीतही चरबी दडलेली असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले आहे.

पुढे रुग्णालयांच्या जुन्या नोंदी चाळल्या गेल्या. मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्ण स्त्रिया अधिक काळ जगल्याचे काही नोंदींत दिसले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु खतावणीत दोन रकमा शेजारी आल्या म्हणून एक दुसरीतून निघाली असे ठरत नाही. जी अधिक दिवस जगली, तिलाच ती गोळी सुरू होण्यास अवधी मिळाला, असेही असू शकते. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे अखेर पाण्यातच कळते.

ती कसोटी अमेरिकेत २०१४ पासून घेण्यात आली. रोग पसरलेल्या वा उलटलेल्या स्त्रियांच्या एका गटास केमोथेरपीसोबत मेटफॉर्मिन, तर दुसऱ्यास तशीच दिसणारी निव्वळ पोकळ गोळी देण्यात आली. आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. स्तनाच्या कर्करोगावरील ३,६४९ रुग्णांच्या चाचणीचा २०२२ चा निष्कर्षही तसाच निघाला.

म्हणून गोळी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. लवकर सापडलेल्या या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांत पुढे मृत्यूचे मोठे कारण हृदयविकार असते आणि तेथे साखरेवरील ताबा मोलाचा ठरतो. गोळी साखरेसाठी घ्यावी. तिच्या भरवशावर तपासणी मात्र टाळू नये.

या रोगाच्या शंभरांतील सुमारे नव्वद स्त्रियांना पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झालेला असतो. उलटपक्षी, असा स्राव होणाऱ्या शंभरांत कर्करोग निघतो तो सुमारे नऊ जणींत; तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. लपविण्याचे तर नाहीच, आणि आपल्याकडे नेमके तेच घडते. सुनेला सांगवत नाही, मुलाला तर नाहीच नाही, आणि महिने निघून जातात. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग गर्भाशयापुरता असताना सापडल्यास शंभरांतील सुमारे ९५ जणी पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरवर पसरल्यावर हा आकडा विसाच्या आत येतो. दोहोंमधले अंतर कोणतीही गोळी भरून काढीत नाही.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात आणि गरज वाटल्यास त्याचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवितात. जाताना मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी व तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल सोबत न्यावा. शस्त्रक्रिया ठरल्यास भूलतज्ज्ञ प्रथम तोच मागतात.