चार लेकरांची दिवाळी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, पहाटेच्या काकड्यानंतर देवळापुढं झालेलं भाषण. जसं बोललं तसं उतरवून घेतलं आहे.)

 

मला कीर्तन सांगा, दोन तास उभा राहतो. भाषण म्हणलं की पाय कापतात. मंडळी म्हणली, महाराज, तुम्ही दिवाळी अन् लेकरं यावर बोला, पुस्तकात छापायचं आहे. मी म्हणलं, बोलतो. कारण या गोष्टीवर मला एक कबुली द्यायची आहे. ती शेवटी येईल. आधी मागचं थोडं सांगतो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी निघाली तव्हा आपल्याकडं मोगलाई होती. पंढरपूर इंग्रजाच्या हद्दीत अन् आपण निजामाच्या. म्हातारी माणसं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पायी जायची. माझा आजा त्यात होता. बाप लहानपणी आजाच्या खांद्यावर बसून गेलेला. म्हणजे ही दिंडी पहिल्यापासूनच लेकरांना घेऊन चाललेली आहे. टाळ हातात मावत नव्हता तव्हापासून आपण सगळे यात आलो.

आषाढीला आपण पायी जातो. कार्तिकात मात्र गावात राहून काकडा करतो. कोजागिरीला काकडा सुरू होतो, त्रिपुरी पौर्णिमेला संपतो. दिवाळी बरोबर मधी येते. पाडवा धरून अकराव्या दिवशी कार्तिकी एकादशी, मग तुळशीची लग्नं. शाळेला सुट्टी असते, म्हणून काकड्याला लेकरं लई. आम्ही लहान असताना पहाटं चारला आई पांघरूण ओढायची. आडावर जाऊन गार पाण्यानं आंघोळ. दात वाजायचे. देवळात आलं की घंटा कोण वाजवणार यावर भांडण.

घरी दिवाळी म्हणजे वसुबारसेपासून काम. बहिणी दाराम्होरं शेणाच्या गवळणी घालायच्या, त्यावर झेंडूची फुलं खोचायच्या. गुराख्याची पोरं लव्हाळ्याच्या दिवट्या करून सांच्याला दारोदार गाई-म्हशी ओवाळायला यायची. त्यांच्या दिवटीत तेल घालायचं, पदरात जोंधळे घालायचे. लक्षुमीच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदी-कुंकू. पाडव्याला बैलं धुवायची. मुराळी गाडी जुंपून लेकीला आणायला जायचा. लेक आली की घरात तिची लेकरं अन् आमची लेकरं एकाच ताटात. रानात कापूस फुटलेला, ज्वारीची पेरणी चालू, तरी माणूस दिवाळीला घरी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी चौथीत होतो. शाळा तिथंच सुटली. आई-बाप खडी फोडायला जायचे. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, कामावर सुकडी मिळायची. त्या दिवाळीला घरात तेल नव्हतं. आईनं सुकडीत गूळ कालवून लाडू वळले. मला वाटलं, दिवाळी झाली. पण मला लाडवापेक्षा दुसरीच गोष्ट ध्यानात आहे. पहिल्या आंघोळीच्या पहाटं दिंडीचे तव्हाचे विणेकरीबाबा गल्लीगल्लीनं हाका मारत आले. ज्याच्या घरी तेल नाही त्यानं लेकरू घेऊन देवळात यावं, म्हणले. देवळात समईचं तेल होतं. तेच तेल एका वाटीत घेऊन बाबांनी प्रत्येक लेकराच्या टाळूला एक एक बोट लावलं. कुणी म्हणलं, बाबा, देवाचं तेल आहे. बाबा म्हणले, देवाच्याच डोक्याला लावतोय.

हे मी विसरलो होतो. कसं विसरलो ते आता सांगतो.

आज दिवाळीत आपल्या घरी काय असतं? पुण्याहून लेक-सुना येतात, नातवंडं येतात, तीन दिवस राहतात. लेकराच्या हातात मोबाईल. आम्ही कीर्तनकार मोबाईलला नावं ठेवतो अन् तुम्ही माना डोलावता. पण आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरच्या वाडी-तांड्यावर दुसरी एक दिवाळी असते. तिच्यावर कुणी कीर्तन करत नाही. मुकादमानं उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की टोळी भरायला ट्रॅक्टर येतो. काहीजण दिवाळी करून जातात, काहींना दिवाळीच्या आधीच जावं लागतं. पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. लेकरू संगं नेलं तर शाळा बुडते. ठेवलं तर म्हाताऱ्या आजीपाशी राहतं. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, तिथं जेवायची सोय होते, चांगली गोष्ट आहे. पण दिवाळीच्या पहाटं पाठीला उटणं कोण लावणार?

2015 साल. पाऊस गेला होता. सोयाबीन शेंगेत भरलंच नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी लई माणसं लवकर गेली. वाडी निम्मी रिकामी झाली.

धनत्रयोदशीच्या रात्री या देवळात माझं कीर्तन होतं. दिवाळी म्हणून मी मुक्ताईच्या मांड्यांची कथा लावली. आई-बाप देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेलेले. मागं चार लेकरं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान अन् सगळ्यात धाकटी मुक्ता. दिवाळीचा सण आला. निवृत्तीदादाला मांडे खावे वाटले. मुक्ता कुंभाराकडं खापर आणायला गेली, तर विसोबा चाटीनं आडवं येऊन खापर मिळू दिलं नाही. पोर रडत घरी आली. मग माउलींनी जठराग्नी पेटवला, पाठ तापून लाल झाली, म्हणले, मुक्ते, भाज मांडे. मी ते असं रंगवलं की बाया पदर डोळ्याला लावत होत्या. विसोबाला मी काय काय बोललो! लेकराच्या सणाच्या आड येणारा माणूस माणूस कसला, म्हणलं. टाळ्या पडल्या.

रात्री झोपायला एक वाजला. पहाटं चारला काकडा. नरक चतुर्दशी होती. काकड्यानंतर शिऱ्याचा प्रसाद होता. मी वाढायला उभा. सात-आठ वर्षांचं एक पोरगं आलं, वाडीवरचं. शिरा घेतला, उभ्या उभ्या खाल्ला. पुन्हा रांगेत आलं अन् जरमलचा डबा पुढं केला. माझी झोप झालेली नव्हती, पातेल्यात शिरा थोडा उरला होता, रांग मोठी होती. ही सगळी कारणं मी नंतर काढली. त्या घडीला मी चारचौघात म्हणलं, "काय रे, देवासाठी आलास का खायसाठी? एकदा घेतलंस ना?"

दोन-चार माणसं हसली. पोरगं काही बोललं नाही. डबा तिथंच पारावर ठेवला अन् गेलं.

घरी आलो. आमच्या घरच्यांनी तो रिकामा डबा उचलून आणला होता. माझ्या म्होरं ठेवला. म्हणल्या, "रात्री विसोबाला लई बोललात. आज खापर कुणी हिसकलं?"

मायबाप हो, चाळीस वर्षं कीर्तन केलं, एवढं निरूपण मला कुणी केलं नव्हतं.

आम्ही दोघं वाडीवर गेलो. डबा भरून घेतला होता. घर सापडायला वेळ लागला. आई-बाप कोल्हापूरकडं फडावर. आजी तापानं आडवी. चूल गार. पोराची धाकटी बहीण चारेक वर्षांची, बाजेखाली मांजरीशी खेळत होती. तिच्यासाठी डबा होता. काकड्याला ती येऊ शकत नव्हती, तिच्या पायात चप्पल नव्हती अन् आजीपाशी कुणीतरी पाहिजे होतं. एवढंच होतं ते. पोराला त्या वेळी विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं.

घरच्यांनी चूल पेटवली, पाणी तापवलं. उन्हं चांगली वर आली होती. पहिली आंघोळ उजाडायच्या आत करायची असते, पण त्या दोघांची आंघोळ दहा वाजता झाली. पोरगी हसत होती. पोरगं अंगाला तेल लावू देत होतं, पण माझ्याकडं बघत नव्हतं. त्या वर्षी ते पुन्हा काकड्याला आलं नाही. पौर्णिमेपर्यंत मी रोज त्याची जागा बघायचो.

आता तो मोठा झाला आहे. नाव सांगत नाही. रस्त्यात भेटला की रामकृष्णहरी म्हणतो, वाकून पाया पडतो. पण देवळातल्या पंगतीला बसत नाही. मी त्याला काही बोललो नाही. लेकराची माफी कशी मागायची हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. रागवलो चारचौघात, तर माफीही चारचौघात पाहिजे. म्हणून आज या माईकवर मागतो. बाळा, चूक माझी होती.

विसोबाची पुढची गोष्ट आपण कीर्तनात घाईनं सांगतो. तो तिथंच संपला नाही. माउलींच्या घरी ते मांडे बघून तो वरमला, उष्ट्यातला घास उचलून खाल्ला, पायावर पडला. पुढं तोच विसोबा खेचर झाला, अन् नामदेवरायांना गुरू म्हणून भेटला तो आपल्या औंढा नागनाथाला. औंढा अन् नर्सी आता हिंगोली जिल्ह्यात गेलं, 1999 साली. त्याआधी आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. म्हणजे खापर हिसकणाऱ्यालाही वाट आहे. पण आधी वरमावं लागतं.

अन् जनाबाई! गंगाखेडची पोर. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटीच्या घरी राहिली. आई-बापाविना, दुसऱ्याच्या घरी. दळलं, कांडलं, शेण गोळा केलं. गोपाळपुरात अजून तिचं जातं दाखवतात, आपल्या दिंडीतली पोरं खुंट्याला हात लावल्याबिगर पुढं जात नाहीत. त्या घरात तिला कुणी "एकदा घेतलंस ना" म्हणलं असतं, तर आपल्याला जनाबाई मिळाली असती का?

त्यानंतर आम्ही चार घरांनी काही गोष्टी सुरू केल्या. मोठं काही नाही.

काकड्याच्या प्रसादाला कुणाला कितव्यांदा आलास हे विचारायचं नाही. डबा पुढं आला की भरायचा. कमी पडलं तर वाढणाऱ्यानं खाऊ नये.

पहिल्या आंघोळीला देवळाच्या मागं दोन हंडे पाणी तापवतो. ज्याचे आई-बाप फडावर आहेत त्या लेकरांना बाया तेल-उटणं लावतात. पण आपली नातवंडंही तिथंच आणायची, पुण्याची असली तरी. नाहीतर ती गरिबाची आंघोळ होते अन् लेकराला ते लगेच कळतं.

तिसरी गोष्ट काम. एकाकडं घंटा, एकाकडं वाती, एकाकडं गंधाची वाटी, एक पोरगी रांगोळीला. नुसता प्रसाद दिला तर लेकरू पाहुणं राहतं. काम दिलं की ते घरचं होतं. आज पहाटं मृदंगावर जो पोरगा होता, तो असाच वाती करत करत मृदंगाला गेला.

आणि चौथी गोष्ट भाऊबीजेची. मोबाईलला मी लई शिव्या दिल्या. पण मागल्या भाऊबीजेला एका पोरीनं देवळाच्या पायरीवर भावाला ओवाळलं अन् शेजारच्या पोरानं मोबाईल धरला. पलीकडं आई होती, डोक्याला फडकं बांधलेली, मागं ऊस. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती. मग म्हणली, "कुंकू नीट लाव गं." तेव्हापासून मी कीर्तनात मोबाईलवर बोलताना जरा थांबून बोलतो.

शताब्दीला पताका झाल्या, कमान झाली, पुस्तक होत आहे. आनंद आहे. पण माझी एक विनंती आहे. पुढच्या वसुबारसेला दिंडीतल्या प्रत्येक घरानं आपल्या वाडी-तांड्यावर एकदा चक्कर मारावी अन् विचारावं, कुणाच्या घरी आजी एकटी आहे, लेकरं कुठं आहेत. कीर्तनात विचारायचं नाही, दारात जाऊन विचारायचं. विणेकरीबाबांनी बहात्तरला हेच केलं होतं. त्यांनी टाळूला लावलेलं तेल मला पन्नास वर्षं पुरलं, अन् मी एका पातेल्यातला शिरा मोजत बसलो.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या. आता शिरा गरम आहे. डबे आणले असतील तर लाजू नका.

रामकृष्णहरी.