परिचारिकेच्या उमेदवारीचें मोल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, तो एखाद्या डॉक्टरानें किंवा निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानें मांडावयास हवा होता. मी त्या दोहोंपैकीं कोणीच नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक पास झालेला, मुळशी तालुक्यांतील कासारसाई गांवीं राहणारा आणि मुलांना पाढे व बाराखडी शिकवून निवृत्त झालेला मी एक शाळामास्तर आहें. परंतु गेल्या दिवाळींत माझ्या घरापासून चार घरें पलीकडे जें घडलें तें मीं स्वतः पाहिलें. आणि त्यापूर्वीं माझ्या हातून एक चूक झाली होती, तिचाही या विषयाशीं संबंध आहे. म्हणून हें बोलण्याचें धाडस करीत आहें.

श्रोतेहो, आमचें कासारसाई पुण्याहून फार दूर नाहीं. एका अंगास धरणाचें पाणी, दुसऱ्या अंगास हिंजवडीचे काचेचे मनोरे. सकाळ झाली कीं तरुण मंडळी कामाच्या वाटेस लागतात. कोणी हिंजवडीस जातो, कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत. फौजेंत जाणारेही या टापूंत आहेत. त्यांपैकींच एक हवालदार. सारें गांव त्यांना नाना म्हणतें. सेवेंत असतांना पहाडी रस्त्यावरून त्यांची गाडी दरींत कोसळली आणि पाठीच्या वरच्या भागीं मज्जारज्जूस इजा झाली. हात शाबूत राहिले. छातीपासून खालीं मात्र शरीर आहे एवढेंच, त्याची जाणीव नाहीं. पेन्शन मिळते, औषधें मिळतात. उरलेलें सारें वहिनी करतात, आणि गेलीं कित्येक वर्षें त्या एकट्याच करीत आल्या आहेत.

पाडव्याच्या दुपारीं वहिनींनीं हांक मारली म्हणून मी धांवत गेलों. नानांचें डोकें फुटावयास आलें होतें. चेहरा लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा, आणि पाय मात्र थंडगार. जमलेल्यांपैकीं कोणी पित्त म्हणालें, कोणी दृष्ट म्हणालें. मास्तर म्हणून माझें मत विचारण्यांत आलें. मीं सांगितलें, "त्यांना आडवें निजवा आणि कपाळ दाबा." वहिनी उशी काढूं लागल्या, तोंच माझी एक जुनी विद्यार्थिनी दारांतून आंत आली. परिचर्येच्या पदवीच्या चौथ्या वर्षास असलेली ही मुलगी सणासाठीं घरीं आली होती. तिनें कोणास कांहीं विचारलें नाहीं. नानांना काखेंत धरून उठवून बसविलें, कमरेचा पट्टा सैल केला आणि लघवीची नळी हातानें चांचपीत गेली. नळी मांडीखालीं दुमडली होती. ती सरळ होतांच पिशवींत लघवी वाहूं लागली. आरोग्यसेविकेच्या घरून रक्तदाबाचें यंत्र आणविलें होतें. दर थोड्या वेळानें मोजतां मोजतां आंकडा उतरत गेला, आणि नानांनीं डोळे उघडून पाणी मागितलें.

नंतर तिनें मला समजावून सांगितलें तें असें. छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याहून वर मज्जारज्जू तुटला, तर मूत्राशय तुडुंब भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोंचत नाहीं. पण खालचें शरीर आपल्यापरी खवळतें, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब एकाएकीं इतका चढतो कीं मेंदूंत रक्तस्राव होऊन माणूस दगावूं शकतो. अशा वेळीं रोग्यास बसवावयाचें असतें; आडवें केल्यास दाब वाढतो. म्हणजे माझा सल्ला पाळला गेला असता, तर काय झालें असतें हें मी आपणांस वेगळें सांगावयास नको.

मीं विचारलें, "हें तुला पुस्तकानें शिकविलें?" ती म्हणाली, "पुस्तकांत थोडंसं आहे, गुरुजी. तें परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पण आधीं नळी चांचपायची, हें माझ्या हाताला वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरनीं शिकवलं." तिसऱ्या वर्षाच्या सुटींत कांहीं आठवडे तिला पाठीच्या कण्याच्या रोग्यांत काम मिळालें होतें. आणखी दोन महिने तेथें राहावें अशी तिची इच्छा होती. सिस्टरही ठेवून घेण्यास तयार होत्या. पण त्या कामास वेतन नव्हतें आणि खाणावळीचे पैसे संपले होते. ती घरीं परतली, आणि सुटीचे उरलेले दिवस हिंजवडींत एका दुकानाच्या गल्ल्यावर बसली.

आतां माझी चूक सांगतों. या मुलीस प्रवेश मिळाला तेव्हां गांवानें तिचा सत्कार केला होता. मीं भाषण केलें. परिचर्या ही सेवा आहे, सेवेस पैशाचा विटाळ होऊं देऊं नये, असें कांहींसें मी मोठ्या आवेशानें बोललों आणि टाळ्याही पडल्या. पाडव्याच्या संध्याकाळीं मला त्या भाषणाची आठवण तिनेंच करून दिली. रागानें नव्हे, हंसून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आम्हांला शिकवलंत, तें काय बिनपगारी शिकवलंत?" मला उत्तर सुचलें नाहीं. अद्यापही सुचलेलें नाहीं.

भारतीय परिचर्या परिषदेचा पदवीचा जो नवा अभ्यासक्रम २०२१ सालीं राजपत्रांत प्रसिद्ध झाला, त्यांत शेवटच्या सत्रांत रुग्णालयांतील उमेदवारी ठेवलेली आहे. बावीस आठवडे, आठवड्यास ४८ तास, एकूण १०५६ तास. योजना चांगली आहे. हात तयार व्हावयाचे तर असेच होतात. परंतु या कामाचें वेतन दिलेंच पाहिजे असें बंधन नाहीं. कांहीं सरकारी संस्थांत अल्पस्वल्प विद्यावेतन मिळतें. खासगी कॉलेजांतील मुलीस बहुधा उलट स्वतःच वसतिगृहाचें आणि खाणावळीचें बिल भरून रुग्णालयांत राबावें लागतें.

याच मुलीचा भाऊ आय.टी.आय.मधून टर्नरचें काम शिकला आणि पिंपरीच्या एका कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. त्यास पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळालें. कारण १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यानें तें देणें मालकावर बंधनकारक आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलाससुद्धां शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्यें विद्यावेतन देण्याची रीत आहे. एकाच घरांत लोखंड कांतावयास शिकणाऱ्यास पैसे आणि माणूस जपावयास शिकणारीस बिल, हा हिशेब मी गणिताचा मास्तर असून मला सोडवितां आला नाहीं.

आपल्या देशांत याहून निराळी रीत नाहींच असें मात्र नव्हे. ती आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ सालीं सुरू झालें. तेथें दरवर्षीं सुमारें चाळीस मुली घेतात. देशांत अशीं सहा लष्करी महाविद्यालयें असून त्यांत मिळून सुमारें २२० जागा असतात. मुलींना राहणें व शिधा मोफत, गणवेशाचा भत्ता आणि दरमहा विद्यावेतन मिळतें; त्या बदल्यांत सेवेचा करार लिहून द्यावा लागतो आणि पुढें त्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्यें लेफ्टनंट म्हणून दाखल होतात. ही सेवा जुनी आहे. १८८८ च्या २८ मार्चला दहा विलायती परिचारिका मुंबई बंदरांत उतरल्या, तेथून तिची सुरुवात मानतात. १९२६ च्या १ ऑक्टोबरपासून ती कायम स्वरूपाची झाली. याच मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत ही पहिली हिंदी स्त्री परिचर्या शिकावयास आली होती, हेंही या निमित्तानें आपल्या घरांतील मुलींस जरूर सांगावें.

परंतु २२० मुली आणि देशभर पसरलेले लाखों निवृत्त सैनिक! लष्करी परिचारिकेचें क्षेत्र लष्करी रुग्णालय. पेन्शनींत निघालेला शिपाई राहतो कासारसाईस, किंवा साताऱ्याकडील एखाद्या वाडीवर. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून चालूं आहे आणि तिच्या दवाखान्यांचा आधार मोठा आहे, हें मी कृतज्ञतेनें सांगतों. पण रात्रीं दोन वाजतां कूस बदलावयाची ती घरच्यांनीं, आणि त्यांना तें शिकवावयाचें तें एखाद्या साध्या, मुलकी परिचारिकेनें. तिला तें येत असावें लागतें.

तें येणें म्हणजे काय, याचा दाखला युरोपांतील दुसऱ्या महायुद्धानें दिला. इंग्लंडांत स्टोक मँडेविल येथें १९४४ च्या फेब्रुवारींत डॉ. लुडविग गुटमन यांनीं कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग उघडला. तोंपर्यंत असे शिपाई बहुधा पाठीच्या जखमा चिघळून किंवा मूत्रपिंडें बिघडून मरत, आणि डॉक्टरही आशा सोडीत. गुटमन यांनीं दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलण्याचा आणि लघवीच्या स्वच्छतेचा कडक नियम घातला. नियम डॉक्टरांचा खरा; रात्रंदिवस पाळला तो परिचारिकांनीं आणि सेवकांनीं. माणसें जगलीं. इतकेंच नव्हे, १९४८ सालीं तेथें चाकांच्या खुर्च्यांवरील खेळाडूंचे सामने भरले, आणि त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक निघालें. सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले होते. त्यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पन्नास मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. पदक आपण पाहतों. त्यापूर्वीं त्यांना वांचविण्यासाठीं किती हातांनीं किती रात्री जागविल्या असतील, तें कोठें नोंदलेलें नसतें.

पुण्याजवळ खडकीस १९७४ पासून अर्धांगवायूनें अधू झालेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र आहे. मागें शाळेच्या मुलांस घेऊन मी तेथें गेलों होतों. तोंडांत कुंचला धरून चित्र रंगविणारे एक गृहस्थ पाहून मुलें स्तब्ध झालीं. तेव्हां मींही फक्त चित्रच पाहिलें होतें. आज गेलों तर त्यांच्या खुर्चीवरची गादी आधीं पाहीन.

शिकाऊ परिचारिकेस वेतन देऊन निवृत्त सैनिकांजवळ ठेवावें, ही कल्पना कोणास नवी वाटेल. ती तशी नाहीं. १९४३ सालीं अमेरिकेनें कायदा करून शिकाऊ परिचारिकांचें दल उभारलें. शिक्षण मोफत, शिवाय पहिले नऊ महिने दरमहा पंधरा डॉलर, पुढें वीस, आणि शेवटच्या काळांत रुग्णालयाकडून निदान तीस. हे शेवटचे सहा महिने मुलीस लष्करी किंवा माजी सैनिकांच्या रुग्णालयांतही काढतां येत असत. १९४८ पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास मुली त्यांतून शिकून बाहेर पडल्या. पुढें तेथील माजी सैनिकांच्या खात्यानें, शेवटच्या वर्षांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं आपल्या रुग्णालयांतून पगारी उमेदवारीच्या योजना काढल्या. त्यांचा हिशेब रोकडा होता: जी मुलगी वॉर्डांत चार महिने राहून वृद्ध शिपायांचीं दुखणीं ओळखूं लागली, ती बहुधा तेथेंच नोकरीस राहते.

माझें मागणें फार मोठें नाहीं. त्या बावीस आठवड्यांपैकीं कांहीं आठवडे, ज्यांची इच्छा असेल त्या मुलींस, कण्याच्या विभागांत, कृत्रिम अवयवांच्या केंद्रांत, माजी सैनिकांच्या दवाखान्यांत घालवूं द्यावेत आणि त्या काळाचें वेतन द्यावें. वेतन म्हणजे बक्षीस नव्हे. खाणावळ, खोली आणि बसभाडें भागून चार पैसे घरीं धाडतां येतील इतकें.

यांत एक धोका आहे आणि तो लपविणें बरें नव्हे. वेतन दिलें म्हणजे रुग्णालयाचे चालक तिला स्वस्तांतला हात समजूं लागतील. चार परिचारिकांच्या जागीं एक परिचारिका आणि तीन शिकाऊ मुली असा जमाखर्च मांडतील. शिक्षकांच्या सराव-पाठांत आम्हां उमेदवारांमागें बाकावर एक जुने मास्तर बसलेले असत. साठ मुलांचा वर्ग आमच्या हवालीं करून ते चहास गेले नाहींत. येथेंही तसेंच हवें. मुलीमागें अनुभवी सिस्टर हवी, आणि त्या सिस्टरच्या कामाच्या तासांत या शिकवण्याचा तास धरलेला हवा. नाहीं तर मुलीस पैसे मिळतील आणि विद्या मिळणार नाहीं. पैसे हें सारें दुखणें बरें करतात असें माझें म्हणणें नाहीं. पण आज जी मुलगी उपाशी राहूं शकत नाहीं, ती वॉर्ड सोडून जाते, आणि जिच्या घरीं पैसा आहे ती बहुधा या वाटेस येतच नाहीं. हें मीं पाहिलेलें आहे.

नानांच्या माकडहाडावर त्या दिवशीं रुपयाएवढा लाल डाग सांपडला. बोट दाबून सोडलें तरी तो पांढरा पडत नव्हता. जखमेची ती पहिली पायरी, असें ती म्हणाली. वहिनींना वाचावयास फारसें येत नाहीं, म्हणून तिनें जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घड्याळें काढून प्रत्येकाशेजारीं बाण काढले: डावी कूस, उजवी कूस, पुन्हां डावी. तो कागद पलंगासमोर भिंतीस लावलेला आहे. डाग गेला.

तिचे बावीस आठवडे पुढील महिन्यांत सुरू होतात. त्या खर्चासाठीं तिच्या वडिलांनीं घरची दुभती म्हैस विकावयास काढली आहे. गिऱ्हाईक रविवारीं येणार आहे. आणि सौदा ठरवावयास मीं मध्यें बसावें, असा मला निरोप आला आहे.