लक्ष्मीबाईंचे टिळक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एखाद्या थोर पुरुषाविषयी चार शब्द बोलायला सांगितले. विंझरात उभे राहून थोर पुरुष म्हटले, की डोळे आपोआप राजगडाकडे जातात. पण महाराजांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मी आज रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी बोलणार आहे. लोकमान्य नव्हेत, कवी टिळक. जखमी पाखरावरच्या त्यांच्या कवितेने शाळेत असताना आपल्यापैकी कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाणी आणले आहे.

माळकरी घरातल्या बाईने ख्रिस्ती उपदेशकाची आठवण का काढावी, असे कोणाला वाटेल. खुद्द टिळक सांगत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. तेव्हा अर्धी वाट तरी आपली ओळखीचीच आहे. माझे खरे कारण मात्र निराळे आहे, ते ओघात सांगेन.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, दापोलीकडच्या करजगावचा. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. माहेरी सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. लग्न झाले तेव्हा ही अकरा-बारा वर्षांची आणि ते अठराच्या पुढचे. नवरा विद्वान, कवी, मनाने लोण्यासारखा, डोक्याने मात्र तापट. एका ठिकाणी नोकरी टिकायची नाही. मनात आले, की घरी न सांगता निघून जायचे. पोरवयाची बायको कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे वाट पाहत बसायची. लिहायला-वाचायला तिला त्यांनीच शिकवले, हे मात्र त्याच दिवसांतले.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढे दोन वर्षे मनात घालमेल चालली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. मुलगा दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा. त्याला घेऊन त्या पंढरपुरात बहिणीच्या घरी राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. अशा बाईकडे लोक कसे पाहतात, ते इथे बसलेल्या काही जणींना मी सांगायला नको.

आता यातली एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको त्या कारणावरून नांदायला येत नसेल, तर त्याला कोर्टातून लग्न मोडून घेता येत असे. उलट नवऱ्याकडे जायला नाकारणाऱ्या बाईला कोर्ट सोडत नसे. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. तो काळ हा असा होता. कायदा नवऱ्याच्या बाजूचा, वय पस्तिशीच्या आतले, आणि नव्या समाजात दुसरी बायको मिळणेही अवघड नव्हते.

टिळकांनी यातले काही केले नाही. त्यांनी वाट पाहिली. पत्रे लिहिली, भेटायला गेले, रडले, रागावले आणि पुन्हा वाट पाहिली. अशी सुमारे पाच वर्षे गेली. शेवटी लक्ष्मीबाई नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे गेल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, देव वेगळे. टिळकांनी त्यांच्या चुलीला हात लावला नाही. जगाला उपदेश करणारा हा माणूस स्वतःच्या घरात गप्प बसला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या प्रवचनांत हे प्रवचन मोठे.

लक्ष्मीबाईंची शिवाशिव गेली ती त्यांच्याच विचाराने, हळूहळू. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच दिले. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळ, प्लेग यांचे ते दिवस. पुढे त्या घरात पोरक्या मुलांची रीघ लागली. टिळक कोणालाही घेऊन यायचे आणि लक्ष्मीबाईंच्या पदरात घालायचे. तारा अशीच त्यांची मुलगी झाली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांना एक कोवळा पोरगा भेटला, तोही पुढे नगरला त्यांच्या घरी येऊन राहिला. तो पोरगा म्हणजे बालकवी ठोंबरे. मुलांच्या कविता टिळकांनी लिहिल्या त्या अशा भरल्या घरात बसून.

पण भगिनींनो, भरल्या घराला पीठ लागते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. वाटेत गरजू भेटला, की खिसा रिकामा. घरात उद्या काय शिजणार याची काळजी एकट्या लक्ष्मीबाईंनी करायची. त्या चिडत, भांडत, पैसे लपवून ठेवत. हे सगळे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापून निघाली. त्याआधी १९ वर्षे... नाही, चुकले, १५ वर्षे टिळकांना जाऊन झाली होती. आईने लिहावे म्हणून पाठीस लागला तो दत्तूच, म्हणजे देवदत्त टिळक. १९८३ साली विजयाबाई मेहतांनी त्यावर चित्रपट केला, तो काही जणींनी दूरदर्शनवर पाहिला असेल. मी आधी चित्रपट पाहिला आणि पुस्तक फार उशिरा वाचले. नात तालुक्याहून घेऊन आली म्हणून.

इथे माझे कारण सांगते. आमचे हे गेले, तेव्हा शाळेच्या पटांगणात सभा झाली. यांनी तीस वर्षे मास्तरकी केली, देवळात भजन चालवले, दरवर्षी पंढरीची वारी केली. सगळे म्हणाले, देवमाणूस गेला. शेवटी मलाही कोणी तरी म्हणाले, बाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठले आणि पुन्हा खाली बसले. लोकांना वाटले, हिला हुंदका आला. हुंदका नव्हता. देवमाणसाच्या घरात मी काय काय सोसले ते मनात होते, आणि ते सांगितले तर यांची निंदा होईल, न सांगावे तर ते बोलणे माझे होणार नाही, अशी कोंडी झाली होती.

लक्ष्मीबाईंनी ती कोंडी फोडली. त्या टिळकांचा राग सांगतात, विसरभोळेपणा सांगतात, फजिती तर पोट धरून हसायला लावील अशी सांगतात. पान उलटावे तो माणूस अधिकच आवडू लागतो. सभेतल्या भाषणांत आमचे हे मला सापडले नव्हते. त्या पुस्तकात टिळक जागोजाग सापडतात.

टिळकांचे शेवटचे पर्व आपल्या शेजारचेच, साताऱ्याचे आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशासारखे राहू लागले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही तिथे यावेत, अशी त्यांची इच्छा. नवऱ्याने संन्यास घ्यायचा म्हणजे घराचे काय, हा प्रश्न पुन्हा बायकोपुढेच. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले. देह पुरू नये, दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली, आणि रक्षा नगरला नेण्यात आली. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले होते, पण थोडेच अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला त्यांनी अक्षर ओळखायला शिकवले, तिने त्यांचे पुराण पुरे केले.

आता पटांगणात राहिलेले माझे दोन शब्द.

एका वर्षी मे महिन्यात आमच्या वरच्या आळीत एक घर जळाले. यांनी मला न विचारता कणगीतले बियाण्याचे भात त्या घराला देऊन टाकले. खायचे दिले असते तर मी बोलले नसते, पण ते बियाणे होते. राब भाजून झाला होता, पाऊस तोंडावर होता. मी आठ दिवस यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. नवव्या दिवशी पहाटे हे कोणाला न सांगता निघाले. माझ्या भावाकडे भोरला गेले. त्या भावाशी यांचे चार वर्षे वाकडे होते, आणि त्यात चूक भावाची होती. संध्याकाळी डोक्यावर दोन पायली भात घेऊन अंगणात आले आणि म्हणाले, "हे घे. चुकलो असे मी म्हणणार नाही, पण तुझ्या भावापुढे हात जोडून आलोय."

मी पाण्याचा तांब्या आणून दिला. त्या वर्षी आमची लावणी सगळ्या शिवाराच्या मागून झाली.