जुन्या लोखंडाचा नवा दाखला



कडावपासून खोपोली फार दूर नाही. तेथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९६० च्या दशकात महिंद्र युजीनचा कारखाना उभा राहिला. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून मिश्रपोलाद करण्याची विद्या या परिसराला तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हा येथे तरी जुन्या लोखंडाला कोणी हलके लेखू नये. तांब्यासारखी भेसळ टाळली, तर ते पुनःपुन्हा वितळवूनही तुळईच्या कामी येते.

आज कर्जत-खालापूर भागात गोदामे, शेतघरे उभी राहत आहेत. हरित इमारतीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर पोलादात पुनर्वापराचा माल किती, हे सिद्ध करावे लागते. गिरणीचा चाचणी दाखला त्यास पुरत नाही. भारतीय मानक २०६२ प्रमाणे त्यात कार्बन, गंधक, ताणशक्ती यांची नोंद असते, भंगाराची नसते. त्यासाठी उत्पादकाचे सहीचे स्वतंत्र पत्र लागते.

भंगारही सारखे नसते. अलंगला फोडलेली जहाजे, मोडीत काढलेल्या गाड्या हा वापरून झालेला माल. तो पूर्ण धरतात. दुसऱ्या कारखान्यातील पत्र्याची कात्रणे निम्मी धरतात. गिरणीने स्वतःचेच कापलेले तुकडे पुन्हा आपल्याच भट्टीत टाकले, तर ते मुळीच धरत नाहीत. गल्लत होते ती येथेच.

समजा, इमारतीचे एकूण साहित्य दीड कोटीचे व पोलाद ३० लाखांचे आहे. पत्रात वापरलेला माल ६० टक्के व कात्रणे २० टक्के असतील, तर ७० टक्के, म्हणजे २१ लाख रुपये मोजले जातील. हे एकूण साहित्याच्या १४ टक्के झाले. पत्र नसेल तर लीडच्या २००९ च्या नियमावलीत पोलादाला सरसकट २५ टक्केच मिळत. हिशेब ५ टक्क्यांवर थांबे आणि गुणासाठी लागणारी १० टक्क्यांची पायरी हुके. पुढील आवृत्त्यांत नियम बदलले आहेत. अर्जापूर्वी ते पाहून घेणे इष्ट.

गावोगाव फिरणाऱ्या भंगारवाल्याच्या व्यवहाराला बहुधा कागद नसतो. म्हणून भट्टीत काय पडले याची गिरणीतील नोंद हाच पहिला भरवशाचा पुरावा. तेथून पुढे बीजक, चलन, हीट नंबर आणि पत्र यांचा मेळ बसला पाहिजे. व्यापारी अनेक गिरण्यांचा माल एकत्र ठेवतो. फॅब्रिकेटर तुळई कापतो, तेव्हा नंबर एका तुकड्यावर राहतो आणि बाकीचे तुकडे निनावी होतात. कापण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर तो उतरवून घेणे हे पाच मिनिटांचे काम, पण ते राहून जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने ‘हरित पोलादा’ची व्याख्या जाहीर केली. टनामागे कार्बन डायऑक्साइडसमान उत्सर्जन २.२ टनांहून कमी असेल, तर तीन ते पाच तारे मिळतात. हे मोजमाप उत्सर्जनाचे आहे, भंगाराचे नव्हे. एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आणि पत्राची अट खरेदीच्या आदेशातच घालावी. पैसे चुकते झाल्यावर पुरवठादाराला घाई उरत नाही.